सर्वानुमते पिस्ता

गेल्या रविवारी आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत मी विरोधाचा हात वर केला आणि त्या हातात बटाटेवडा ठेवण्यात आला. त्याच रात्री आलेल्या इतिवृत्ताच्या मसुद्यात ‘जिन्याला पिस्ता रंग देण्याचे सर्वानुमते ठरले’ अशी नोंद आहे. वड्याचा उल्लेख नाही.

आम्ही 36 सभासद. उपविधींप्रमाणे गणपूर्तीला दोन तृतीयांश किंवा 20, यांपैकी कमी असेल तेवढी माणसे लागतात. पार्किंगमध्ये जमलो होतो 11. अशा वेळी सभा अर्धा तास तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्तीचे बंधन नसते. त्यामुळे जी माणसे दहा वाजता निर्णय घ्यायला अपात्र होती, तीच साडेदहाला, मधल्या वेळात फक्त डास मारून, पूर्ण पात्र झाली.

अध्यक्षांना पिस्ता हवा होता, मला फिकट पिवळा, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंचे म्हणणे होते की आधी गळती थांबवा, मग रंगाचे बघू. (त्यांचेच बरोबर होते, परंतु सभेत त्याचा उपयोग नसतो.) कायद्याने एका सभासदाला एकच मत दिलेले असल्यामुळे हा प्रश्न पाच मिनिटांत मोजून सुटला असता. पण पहिल्या मजल्यावरचे नाना उभे राहिले.

“पिस्ता प्रसन्न दिसतो,” नाना म्हणाले. अध्यक्ष सुखावले. “पण पिवळ्याने उजेड वाढतो, हेही खरे.” मी सुखावलो. “आणि वहिनी म्हणतात तेही योग्य, ओल्या भिंतीला रंग म्हणजे तापाने फणफणलेल्याला पावडर.”

“नाना, मग तुमचे मत कोणाला?”

“माझा कोणालाच विरोध नाही.”

“पण मत?”

“विरोध नाही, हेच मत. आता प्रत्येकाला वेगळे सांगायला हवे का?”

प्रत्येकाला वेगळे सांगायचे म्हणून नानांनी तिन्ही वेळा हात वर केला आणि 11 माणसांची 13 मते भरली. चिटणीसांनी पुन्हा मोजली, पुन्हा 13. हात एकदाच वर करायचा असतो, हे समजावल्यावर नाना दुखावले आणि म्हणाले, “शेजाऱ्यांत असा भेदभाव मी आजवर केलेला नाही.” यावर काय बोलावे हे कोणालाच सुचेना, आणि नेमके तेव्हाच वडे आले. “कोणाचा विरोध नाही ना?” असे अध्यक्षांनी परातीकडे पाहत विचारले. मी हात वर केला. पुढचे सांगितलेच आहे. तो वडा मी खाल्ला, ही माझी चूक. मौन आणि भरलेले तोंड यांत फरक करण्याची तरतूद उपविधींत नाही.

डेन्मार्कमध्ये 1972 साली 27 कुटुंबांनी सेट्टेडॅमेन नावाची सहनिवासाची (घरे स्वतंत्र, पण काही जागा आणि कारभार सामायिक) वसाहत उभी केली, तेव्हापासून हा प्रकार अनेक देशांत पसरला. यांतल्या कित्येक वसाहतींत बहुमताऐवजी सहमतीने ठरवतात, आणि काही ठिकाणी त्यासाठी रंगीत कार्डे असतात. लाल कार्ड वर झाले की विषय अडतो. माझ्या हातात लाल कार्ड असते तर त्यावर कोणी वडा ठेवला नसता, निदान आधी विचारले तरी असते. आमच्याकडे तर 4 जुलै 2019 च्या शासन निर्णयाप्रमाणे सबंध इमारत पाडून पुनर्विकास करायला 51 टक्के सभासदांची संमती पुरते. मग चार जिन्यांच्या रंगासाठी ‘सर्वानुमते’ लिहिण्याचा हट्ट कशाला? ‘बहुमताने’ लिहिले असते तर मी पिस्ता गिळला असता.

नानांवर माझा खरे तर राग नाही. ते निदान आले होते. न आलेल्या 25 जणांपैकी नऊ जणांनी सोमवारी पहिली बादली उघडताच व्हॉट्सअ‍ॅपवर ‘हे कोणी ठरवले?’ असे विचारले, आणि मसुद्यानुसार ते मीही ठरवले आहे. माझ्याच दारासमोर, माझ्याच वर्गणीतून.

इतिवृत्त दुरुस्त करावे असे पत्र मी दिले आहे. ते समितीपुढे येईल आणि समितीत नाना आहेत. काल त्यांनी मला जिन्यात गाठले, खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “तुमचा हात वर होता, मी स्वतः पाहिला. तुमचे अगदी बरोबर आहे.” मग ते एक मजला चढून चिटणीसांकडे गेले. दार उघडेच होते, त्यामुळे “तुमचेही बरोबर आहे” हे मला खालपर्यंत स्वच्छ ऐकू आले.