खिडकीखालची खाट

बेळगावच्या उद्यमबागेत फौंड्रीला होतो तेव्हा आम्ही चौघं मजगावात एका खोलीत राहायचो. खिडकीखालच्या खाटेवर झोपणाऱ्याला 'दाब येतो', हे मला पहिल्याच दिवशी सांगितलं. अर्थात, ती खाट माझ्या गळ्यात मारून झाल्यावर.

आठवड्याभरात आलाच. नाईट करून सकाळी आडवा झालो होतो. जाग आली, डोळे उघडे, पंखा दिसतोय, बाहेर भाजीवाली ओरडतेय, पण बोट हलेना. छातीवर कुणीतरी गुडघा रोवलाय. पायथ्याशी काळं काहीतरी उभं. आईला मारलेली हाक घशातच राहिली. मग एकदम सुटलो. मिनिटभराचाच खेळ असेल, पण बनियन पिळण्याइतका भिजला होता.

आईनं खानापुराहून येऊन उशाखाली विळा ठेवला. ते चालेल, विळा पैसे मागत नाही. देवऋषीनं मात्र पाचशे घेतले. सुपरवायझरला सांगितलं तर म्हणाला, हनुमान चालिसा म्हण. म्हटली. पुढच्या आठवड्यात परत नाईट!

याला स्लीप पॅरालिसिस म्हणतात हे फार उशिरा कळलं. स्वप्नं पडतात त्या झोपेत मेंदू हातपाय ढिले करून ठेवतो, नाहीतर स्वप्नात पळणारा खरंच भिंतीवर आदळेल. डोळे आणि श्वासपटल तेवढं चालू. कधी माणूस जागा होतो आणि अंग मागेच राहतं. स्वप्नही पुरतं संपलेलं नसतं, ती काळी आकृती त्यातलीच. श्वास चालूच असतो, पण आपण मुद्दाम खोल घ्यायला जातो आणि छाती ऐकत नाही. जपानी लोक याला कानाशिबारी म्हणतात. २०११ च्या एका मोठ्या आढाव्यात साधारण ७.६ टक्के लोकांना आयुष्यात एकदा तरी हा अनुभव आल्याचं दिसलं; विद्यार्थ्यांत २८.३ टक्के. तुटक झोप, बदलती शिफ्ट, ताण, उताणं झोपणं ही नेहमीची निमित्तं. वारंवार होत असेल आणि दिवसाही झोप आवरत नसेल, तर मात्र डॉक्टर गाठा.

आता हिशेब बघा. ती खाट सगळ्यात नव्या पोराला, आणि सगळ्यात जास्त नाईटही त्यालाच. इतकी वर्षं सगळे खाटेला नावं ठेवत होते, शिफ्टच्या तक्त्याकडं कुणी बघितलंच नाही. मीसुद्धा नाही.

खोली सोडताना नव्या पोराला म्हटलं, कुशीवर झोपत जा. त्यानं खाटेकडं बघितलं. म्हणाला, "अण्णा, कुशीवर वळायला जागा कुठं हाय हितं?"