थेट भिडण्याआधी: साहित्यसंकेतांविषयीच्या एका दाव्याचा प्रतिवाद

वाचनाविषयीचा एक संदेश सध्या मोबाइलवर पुन्हापुन्हा येतो. त्याचा आशय असा: खरे साहित्य वाचकाला थेट भिडते, अभंग, भारूड, लावणी, बखर हे भेद आणि त्यांचे संकेत, म्हणजे त्या त्या प्रकारात ठरून गेलेल्या रीती, ही केवळ प्राध्यापकांची सोय आहे. शब्दांचा अर्थ सगळीकडे सारखाच असतो, ‘मी’ म्हणणारा लेखकच असतो, बखरी खोट्या ठरल्या आहेत, मुक्तछंदाने उरलेसुरले संकेतही मोडीत काढले आहेत आणि संकेत शिकवायला गेले की रस आटतो. यातल्या शेवटच्या मुद्द्यात तथ्य आहे, म्हणून तो शेवटी घेतो. आधीचे चारही मुद्दे मात्र संकेत म्हणजे लेखकावर लादलेला नियम, या एकाच समजुतीवर उभे आहेत. माझ्या मते संकेत मुख्यतः वाचकाच्या कामाचा असतो, कारण पुढचे कोणत्या कानाने ऐकायचे हे त्यावरून कळते.

‘शब्दांचा अर्थ सगळीकडे सारखाच असतो’ हे विधान एकनाथांच्या एका भारुडापाशी नेऊन पाहावे. ‘सत्वर पाव गे मला, भवानीआई रोडगा वाहीन तुला’ असा नवस बोलणारी बाई देवीकडे काय मागते? सासरा गावी गेला आहे, त्याला तिकडेच खपव. सासू जाच करते, तिला लवकर निर्दाळ. जाऊ फडाफडा बोलते, तिला बोडकी कर. नणंदेचे पोर किरकिर करते, त्याला खरूज होऊ दे. नवऱ्याचीही यातून सुटका नाही. शब्दार्थच घ्यायचा तर हे एका घराच्या निर्वंशाचे मागणे ठरते आणि पैठणच्या त्या शांतिब्रह्माने असे का लिहिले, याचा उलगडा होत नाही. भारुडाचा संकेत असा, की बोलणारे पात्र रोजच्या जगण्यातले असते आणि त्याच्या तोंडची गोष्ट परमार्थावरचे रूपक असते. तो ज्याच्या कानात मुरलेला आहे त्याला सासर म्हणजे प्रपंच आणि सासरची माणसे म्हणजे जिवाला जखडणारे पाश, हे वेगळे सांगावे लागत नाही. ‘एका जनार्दनी सगळेचि जाऊ दे, एकटीच राहू दे मला’ या अखेरच्या ओळीतले एकटेपण मग दुःखाचे राहत नाही, ते मोकळे होण्याचे होते.

वरचा अर्थ म्हणजे नुसते टरफल, असे मात्र मी म्हणणार नाही, आणि इथे काही भाविक निरूपणकारांशीही माझा मतभेद आहे. सासुरवासाचा जाच खरा होता, ऐकणाऱ्या बायकांना तो ठाऊक होता, म्हणूनच पहिल्या ओळीला हसू फुटते आणि त्या हसण्याच्या पाठोपाठ दुसरा अर्थ आत शिरतो. भारूड हे दोन्ही अर्थ एकदम चालू ठेवते. ‘थेट भिडणाऱ्या’ वाचकाच्या वाट्याला त्यातला एकच येतो.

दुसरा मुद्दा ‘मी’चा. ‘घनु वाजे घुणघुणा’ ही ज्ञानेश्वरांची विरहिणी आहे आणि तिच्यात कान्ह्याच्या भेटीसाठी तळमळणारी स्त्री बोलते. पेशवाईच्या उत्तरार्धात रामजोशी, होनाजी, परशराम, प्रभाकर यांनी रचलेल्या कितीतरी लावण्या स्त्रीच्या तोंडच्या आहेत. लिहिणारे सगळे पुरुष. हरि नारायण आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी १८९० पासून ‘करमणूक’मध्ये क्रमशः प्रसिद्ध होऊ लागली. ती यमू नावाच्या मुलीने स्वतःची हकीकत सांगावी अशी लिहिली आहे, पण तेवढ्यावरून आपट्यांना यमू समजण्याची चूक कोणी करत नाही. कादंबरीतला ‘मी’ लेखकाने उभा केलेला असतो, हा संकेत संदेश पुढे पाठवणाऱ्यांनाही पक्का ठाऊक आहे. आपण तो पाळतो एवढेच त्यांच्या ध्यानात आलेले नाही.

अभंगाकडे वळले की हिशेब बदलतो. ‘बरें झालें देवा निघालें दिवाळें । बरी या दुष्काळें पीडा केली’ असे तुकोबा म्हणतात तेव्हा तो ‘मी’ बव्हंशी त्यांचाच असतो. दुष्काळ खरा, व्यापार बुडाला हेही खरे. अभंगात कवी आपल्या नावानिशी देवासमोर उभा राहतो, आणि अखेरच्या चरणातली ‘तुका म्हणे’, ‘नामा म्हणे’ ही नाममुद्रा त्याचीच खूण आहे. मात्र नाममुद्रा हाही संकेतच आहे, स्वाक्षरी नव्हे. पुढच्या काळात इतरांनी रचलेले अभंगही ‘तुका म्हणे’ लावून तुकोबांच्या नावावर जमा झाले, आणि संशोधकांना भाषा, हस्तलिखिते व विचार पारखून ते वेगळे काढावे लागले. तेव्हा ‘मी’ म्हणजे लेखकच, हे सूत्र विरहिणीत आणि कादंबरीत साफ चुकते, आणि जिथे ते बरेचसे बरोबर ठरते त्या अभंगातही डोळे मिटून वापरता येत नाही.

बखरींविषयी थोडक्यात. वि. का. राजवाडे यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ मध्ये काढला, तेव्हा अस्सल पत्रांशी ताडून त्यांनी बखरींतल्या चुका दाखवल्या. त्यांचे काम इतिहासाच्या दृष्टीने अगदी योग्य होते. पण त्यावरून ‘बखरी खोट्या’ असा निकाल काढणे म्हणजे बखरीला सरकारी कागदपत्रांचे दफ्तर समजणे होय. कृष्णाजी अनंत सभासदाने आपली बखर राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून जिंजीला लिहिली. अफझलखानाच्या प्रसंगी तुळजापूरची भवानी दर्शन देते असे तो सांगतो, ते साक्षीदाराच्या जबानीसारखे तपासायचे नसते. शिवाजी महाराजांच्या यशाचा अर्थ त्यांच्याच दरबारातला मनुष्य कसा लावत होता, हे त्यातून कळते, आणि ते एखाद्या हिशेबाच्या कागदातून कधीही कळले नसते.

‘मुक्तछंदाने संकेत मोडीत काढले’ या वाक्याला उत्तर द्यायला कवी अनिल पुरेसे आहेत. मराठीत मुक्तछंद रुजवण्याचे श्रेय प्रामुख्याने त्यांना दिले जाते आणि ‘भग्नमूर्ती’ हे त्यांचे मुक्तछंदातले दीर्घकाव्य १९४० चे आहे. पण हेच अनिल पुढे दहा चरणांच्या बांधीव रचनेकडे वळले. १९७६ मध्ये आलेल्या त्यांच्या संग्रहाचे नावच ‘दशपदी’ आहे आणि पुढच्या वर्षी साहित्य अकादमीचा पुरस्कार त्यालाच मिळाला. ज्याने दार उघडले त्यानेच स्वतःसाठी दहा चरणांची नवी चौकट बांधली, ही गोष्ट संदेशकर्त्याला अडचणीची वाटावी. मर्ढेकरांचे उदाहरण याच्या शेजारी ठेवता येईल. यंत्रयुगातल्या माणसाची घुसमट मांडताना, मराठी नवकवितेच्या या प्रवर्तकाने संतांच्या ओवी-अभंगांचे छंद हाताशी घेतले. देवाशी बोलण्यासाठी घडलेल्या त्या लयीत गिरणी आणि गर्दी यांचे शब्द येतात तेव्हा जो खटका बसतो, तो अभंग आधी कानात असल्याखेरीज जाणवत नाही. मुक्तछंदालाही ओळ कुठे तोडायची आणि श्वास कुठे घ्यायचा याचा संकेत असतोच, नाहीतर त्याला गद्य म्हणता आले असते.

आता शिकवण्याविषयी. लघु-गुरूच्या खुणा करायच्या, गण पाडायचे, वृत्ताचे नाव लिहून दोन गुण मिळवायचे आणि कविता शेवटपर्यंत मोठ्याने वाचायचीच नाही, अशा रीतीने रस आटतो हे मला मान्य आहे. पण हा दोष संकेताचा नसून तो कानाऐवजी वहीतून शिकवण्याचा आहे. ‘सुंदर ते ध्यान उभे विटेवरी । कर कटावरी ठेवोनिया’ ही ओळ म्हणून पाहिली की सहा, सहा, सहा आणि चार अक्षरांचे तुकडे जिभेलाच कळतात. शेवटचा तुकडा दोन अक्षरांनी आखूड पडतो आणि त्या रिकाम्या जागेत टाळ वाजतो. ज्याने एकदा भजनात बसून हे म्हटले आहे, त्याला अभंगाची व्याख्या पाठ करावी लागत नाही.

लहान मुले तर हे कोणी न शिकवताही उचलतात. श्रावणातल्या कहाणीत ‘आटपाट नगर होतं’ असे आजीने म्हटले की ते नगर कोणत्या जिल्ह्यात, असे कोणी विचारत नाही. राजाला आवडती आणि नावडती अशा दोन राण्या असल्या, तर पुढे देव नावडतीला पावणार हेही मुलांनी ओळखलेले असते, तरी ती कान टवकारून बसतात. आणि ‘ही साठा उत्तरांची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण’ हे शब्द कानी पडले, की आता प्रसादाच्या वाटीकडे हात न्यायला हरकत नाही, एवढे त्यांना बरोबर कळते.