‘महिलांची कबड्डी पाहते कोण?’ या प्रश्नाला उत्तर

गेले काही महिने रत्नागिरी-सिंधुदुर्गातील कबड्डी मंडळांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक मजकूर फिरत आहे. महिलांचे सामने कोणी पाहत नाही, त्यांच्या खेळाला पुरुषांचा वेग नाही, जिच्या अंगात गुण आहे तिचे नाव आपोआप होते आणि सरकार बक्षीस व नोकरी देतेच, तेव्हा दुर्लक्षाची तक्रार खोटी आहे, असे त्यात म्हटले आहे. शेवटी ‘पाच महिला कबड्डीपटूंची नावे सांगा’ असे आव्हानही आहे. तालुक्यातील स्पर्धांमध्ये मी बरीच वर्षे गुणलेखक म्हणून टेबलावर बसतो आणि या मजकुरातील एका विधानाचा अपवाद वगळता बाकी सारी विधाने मला चुकीची वाटतात.

पहिले विधान प्रेक्षकांविषयी आहे. आमच्याकडे महिलांचे सामने दुपारी तीन-चारला, उन्हात लावले जातात. त्या वेळी गावातील माणसे आंब्या-काजूच्या बागेत किंवा बंदरावर कामात असतात. पुरुषांचे सामने मात्र रात्री प्रकाशझोतात, जेवणे उरकून लोक बाहेर पडल्यावर सुरू होतात. मग दुपारच्या रिकाम्या खुर्च्या दाखवून ‘बघा, कोणी येत नाही’ असे म्हणायचे आणि त्याच आधारावर महिलांचे पहिले बक्षीस पुरुषांच्या निम्म्यावर ठेवायचे, हा न्याय नव्हे. एका वर्षी शेजारच्या गावात वीज गेल्यामुळे वेळापत्रक कोलमडले आणि महिलांचा अंतिम सामना रात्री नऊनंतर खेळवावा लागला, तेव्हा एकही माणूस उठून गेला नाही. दोन रिकाम्या चढायांनंतरच्या, गुण मिळवलाच पाहिजे अशा तिसऱ्या चढाईला तर पुरुषांच्या सामन्याइतकाच गलका झाला.

हीच गोष्ट मोठ्या प्रमाणावरही दिसते. प्रो कबड्डी लीग २०१४ पासून चालू आहे. महिलांसाठी त्याच मंचावर २०१६ मध्ये ‘विमेन्स कबड्डी चॅलेंज’ झाले, त्यात तीनच संघ होते आणि हैदराबादच्या अंतिम सामन्यात स्टॉर्म क्वीन्सने फायर बर्ड्सला २४-२३ असे एका गुणाने हरवले. इतक्या चुरशीच्या सामन्यानंतरही त्या स्पर्धेचा दुसरा हंगाम झाला नाही. पुरुषांच्या लीगला प्रेक्षक जमवायला वर्षानुवर्षे मिळाली, महिलांना एक हंगाम मिळाला, आणि आता दोघांच्या प्रेक्षकसंख्येची तुलना केली जाते.

क्रिकेटमध्ये महिलांना वेळ, मैदान आणि प्रक्षेपण मिळाले, तेव्हा काय घडले हे आपल्या कोकणपट्टीनेच पाहिले आहे. २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील मैदानावर भारतीय महिलांनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून विश्वचषक जिंकला, त्या रात्री आमच्या नाक्यावरच्या चहाच्या टपरीत उभे राहायला जागा नव्हती. इंग्लंडमधील फुटबॉलचा इतिहास याहून बोलका आहे. १९२० च्या डिसेंबरमध्ये लिव्हरपूल शहरातील गुडिसन पार्कवर महिलांचा सामना पाहायला सुमारे ५३ हजार लोक आले होते. पुढच्याच वर्षी तिथल्या फुटबॉल संघटनेने आपल्या क्लबांच्या मैदानांवर महिलांना खेळण्यास मनाई केली आणि ती बंदी सुमारे पन्नास वर्षे टिकली. तिथे प्रेक्षक होते, मैदान काढून घेतले गेले.

वेगाविषयीचे विधान कबड्डीचे मैदान मोजले तरी टिकत नाही. पुरुषांचे मैदान १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद असते, महिलांचे १२ बाय ८ मीटरचे. दोन्ही बाजूंच्या एकेक मीटरच्या राखीव पट्ट्या झटापट सुरू होईपर्यंत वापरता येत नाहीत, म्हणजे चढाई करणाऱ्या मुलीला प्रत्यक्षात सहाच मीटर रुंदी मिळते आणि समोर पकडणाऱ्या मुली मात्र पुरुषांइतक्याच, म्हणजे सात असतात. दोन्ही कोपरारक्षक तिच्या जवळ असतात, चूक सावरायला जागा उरत नाही आणि पदलालित्य अधिक काटेकोर लागते. टेबलावरून पाहताना मला हा खेळ संथ कधीच वाटला नाही. उलट चढाईचा गुण नोंदवताना महिलांच्या सामन्यात डोळे अधिक ताणावे लागतात.

नोकरी आणि बक्षिसाचे विधान बऱ्याच अंशी खरे आहे, आणि ते नाकारण्याचे कारण नाही. २०१२ मध्ये पाटण्यात पहिला महिला विश्वचषक जिंकल्यानंतर आपल्या राज्य सरकारने संघातील तिन्ही महाराष्ट्रकन्यांना प्रत्येकी १ कोटी रुपये जाहीर केले होते. रेल्वेने अनेक मुलींना नोकऱ्या दिल्या, आणि मुलीने लग्नानंतरही खेळावे हे घरच्यांना पटवताना त्या नोकरीचा केवढा आधार होतो, हे मी जवळून पाहिले आहे. पण नोकरीने पोट भरते, ओळख मिळते असे नाही.

‘गुण असेल तर नाव होतेच’ या विधानाला तर नाशिकच्या शैलजा जैन यांचे एकच उदाहरण पुरेसे आहे. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत इराणच्या महिलांनी भारताला २७-२४ असे हरवून सुवर्ण जिंकले, त्या संघाच्या प्रशिक्षक जैन होत्या. परदेशी संघाला आपल्याच देशाच्या वर्चस्वावर मात करायला शिकवणाऱ्या या मराठी बाईंचे नाव आमच्या जिल्ह्यातील कबड्डी मंडळांच्या बैठकीत मी विचारले, तेव्हा दोघांनाच ते ठाऊक होते.

आता पाच नावे. पाटण्याच्या अंतिम सामन्यात इराणला २५-१९ असे हरवणाऱ्या भारतीय संघाच्या कर्णधार ममता पुजारी. त्याच संघातील मुंबईच्या अभिलाषा म्हात्रे, ज्यांना २०१५ चा अर्जुन पुरस्कार मिळाला. त्यांच्यासोबत खेळलेल्या सुवर्णा बारटक्के आणि दीपिका जोसेफ. आणि २०२३ मध्ये हांगझोऊला चिनी तैपेईविरुद्ध २६-२५ असा सामना जिंकून त्या आशियाई स्पर्धेतील भारताचे शंभरावे पदक मिळवणाऱ्या संघाच्या कर्णधार रितू नेगी. सहावे हवे असल्यास मुंबईच्या सोनाली शिंगटे यांचे लिहून घ्यावे.