तोरा तुरुंगातून निघालेल्या दोन वाटा

‘तुरुंग हे मुस्लिम कट्टरतेचे कारखाने आहेत, आत नमाज पढू लागलेला कैदी दहशतवादी होऊनच बाहेर पडतो आणि मुस्लिम समाजांचे विद्यापीठीय अभ्यासक हे सत्य दडवतात,’ असा मजकूर सध्या फिरतो आहे. त्यातली तिन्ही विधाने वेगवेगळी तपासावी लागतील.

पहिल्यात तथ्याचा अंश आहे, हे आधीच मान्य करतो. जानेवारी २०१५ च्या पॅरिस हल्ल्यांतील हल्लेखोर शेरीफ कुआशी आणि आमेदी कुलिबाली पॅरिसजवळच्या फ्लरी-मेरोजी तुरुंगातच जमाल बेगाल या जहाल इस्लामवाद्याच्या संपर्कात आले. पण कारखान्यातून एकच माल निघतो, तुरुंगाचे तसे नाही. इजिप्तमधील कैरोच्या तोरा तुरुंगात १९५७ मध्ये पहारेकऱ्यांनी मुस्लिम ब्रदरहूड या इस्लामवादी संघटनेचे २१ कैदी गोळ्या घालून मारले. त्या वर्षांत तिथेच कैदेत असलेले याच संघटनेचे विचारवंत सय्यद कुत्ब यांचे लिखाण पुढे जहाल होत गेले. त्याच देशात ५ जुलै १९९७ रोजी लष्करी न्यायालयात सुनावणी चालू असताना एक आरोपी उभा राहिला आणि त्याने अल-गमा अल-इस्लामिया या सशस्त्र इस्लामवादी संघटनेच्या तुरुंगातील नेत्यांचे शस्त्रसंधीचे निवेदन वाचून दाखवले. चारच महिन्यांनी लक्सर येथे पर्यटकांचे हत्याकांड झाले, तरीही हे नेते मागे हटले नाहीत. पुढे सरकारच्या परवानगीने ते तुरुंगातुरुंगांत फिरले, आपल्याच अनुयायांशी धर्मशास्त्राच्या आधारे वाद घालत राहिले आणि २००२ मध्ये त्यांनी हिंसाचाराचे खंडन करणाऱ्या पुस्तिका काढल्या. म्हणजे भिंती त्याच असल्या, तरी आतली वागणूक आणि आत चालणारी चर्चा यांवर बरेच काही ठरते.

दुसरे विधान खोडून काढायला साधी आकडेवारी पुरेशी आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये कैद्यांपैकी सुमारे १८ टक्के, म्हणजे पंधरा हजारांवर कैदी मुस्लिम आहेत. दहशतवादाशी संबंधित गुन्ह्यांखाली कोठडीत असलेले लोक मात्र काही शेच असून त्यांत उजव्या विचारांचे अतिरेकीही आहेत.

तिसरा आरोप मला सर्वांत अन्यायकारक वाटतो. समाजशास्त्रज्ञ फरहाद खोस्रोखावर यांनी फ्रान्सच्या तुरुंगांत कैद्यांच्या मुलाखती घेऊन २००४ मध्येच तिथल्या इस्लामवर ग्रंथ लिहिला. अधिकृत इमाम पुरेसे नसले की स्वयंघोषित उपदेशकांचे फावते, हे ते सातत्याने मांडत आले. ज्या अभ्यासकाने पॅरिस हल्ल्यांच्या अकरा वर्षे आधी हा विषय उघडपणे मांडला, त्याच्या शाखेवर सत्य दडवल्याचा ठपका ठेवणाऱ्यांनी तो ग्रंथ उघडून पाहिलेला नाही, असेच म्हणावे लागते.