जू गाडी ओढत नाही

‘एसआर-७१ ब्लॅकबर्ड मॅक ३.२ला पोचलं की त्याचं जे-५८ इंजिन नुसतं ओझं उरतं. हवा इंजिनाला वळसा घालते, विमान रॅमजेट होतं आणि ८० टक्के जोर इंजिनाबाहेरून येतो.’ हा मजकूर इंजिनिअरिंगची मुलंही विश्वासाने पुढे पाठवतात, म्हणून लिहायला बसलो. (एसआर-७१ हे अमेरिकेचं आता निवृत्त झालेलं हेर विमान. मॅक ३.२ म्हणजे आवाजाच्या ३.२ पट वेग. रॅमजेट म्हणजे नुसत्या वेगानेच हवा आत दाबून घेणारं इंजिन.)

८० टक्क्यांना आधार आहे. त्या वेगाला सुमारे ५४ टक्के जोर इनटेकवर (इंजिनापुढच्या हवा घेणाऱ्या तोंडावर), २८ टक्के मागच्या नॉझलवर (झोत बाहेर सोडणाऱ्या तोटीवर) आणि जेमतेम १८ टक्के इंजिनावर पडतो. पण हा हिशोब दाब विमानाला कुठे रेटतो याचा आहे. दाब निर्माण कोण करतं, हे त्यात येत नाही. बैलांचा सगळा जोर जुवातूनच गाडीला पोचतो, तरी जू गाडी ओढतं असं कुणी म्हणत नाही. इंजिनाने हवा गिळणं आणि इंधन जाळणं थांबवलं, की तोच इनटेक विमानाला मागे खेचू लागतो.

वळसा घालणाऱ्या सहा जाड नळ्या खऱ्याच. मात्र त्या निघतात नऊ टप्प्यांच्या कॉम्प्रेसरच्या (हवा दाबणाऱ्या फिरत्या पात्यांच्या) चौथ्या टप्प्यापासून आणि उघडतात आफ्टरबर्नरपाशी, म्हणजे मागे जादा इंधन जाळतात तिथे. म्हणजे नळीतली हवाही आधी कॉम्प्रेसरने दाबलेली. बाकीची टर्बाइनमधूनच, म्हणजे कॉम्प्रेसर फिरवणाऱ्या मागच्या पात्यांमधूनच, जाते. रॅमजेटमध्ये फिरणारा भागच नसतो; जे-५८ तेव्हा भरवेगात फिरत असतं.

इनटेकचं कौतुक करायचं तर त्याच्या खऱ्या कामाचं करूया. कॉम्प्रेसरला हवा आवाजाच्या निम्म्या वेगाच्या आसपास लागते. आवाजापेक्षा वेगवान हवा ज्या पातळ पट्ट्यात एकदम मंदावते आणि दाबली जाते, ती शॉकवेव्ह. हवेच्या वाटेला आडव्या अशा एकाच शॉकवेव्हने तिला रोखलं तर दाब फार वाया जातो. म्हणून पुढचा टोकदार शंकू तिरक्या शॉकवेव्हनी तिला टप्प्याटप्प्याने मंद करतो आणि मॅक १.६नंतर वेगाबरोबर मागे सरकत जातो, एकूण सुमारे ६६ सेंमी. शेवटची आडवी शॉकवेव्ह गळ्याच्या (इनटेकच्या सगळ्यात अरुंद जागेच्या) किंचित मागे टिकवायची, ही सगळी कसरत. ती निसटून बाहेर आली की ‘अनस्टार्ट’: त्या बाजूचा जोर कोसळतो, नाक तिकडे हिसकतं, वैमानिकाचं हेल्मेट काचेवर आपटतं. २५ जानेवारी १९६६ रोजी बिल वीव्हर आणि जिम झ्वेयर यांचं विमान वळणात असताना उजव्या बाजूला हेच झालं. विमान हवेतच फुटलं. वीव्हर वाचले, झ्वेयर गेले.

यावरून ‘बघा, सगळं इनटेकच करतो’ म्हणाल, तर ती शेवटची शॉकवेव्ह कशावर टिकते ते पाहा: मागे इंजिन किती हवा गिळतंय यावर. इंजिन अडखळलं, की दाब मागून साचतो आणि शॉकवेव्ह बाहेर फेकली जाते.