सेदरवर आपला हक्क सांगण्यापूर्वी

पवित्र आठवडा जवळ आला की मंडळ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत एक संदेश फिरू लागतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: प्रभू येशूने शेवटच्या भोजनात आजचाच सेदर (वल्हांडणाच्या, म्हणजे मिसरातून सुटकेच्या सणाच्या, रात्रीचं यहुद्यांचं विधिवत जेवण) केला, त्यातल्या तीन मात्सांत (बेखमीर भाकरींत) त्रैक्य दडलेलं आहे, यहुदी लोक अर्थ न कळता तो पाळतात, आणि रोमी सम्राट कॉन्स्टंटाइनने हे यहुदी सण आपल्यापासून हिरावले, तेव्हा ते पुन्हा पाळलेच पाहिजेत. वल्हांडणाशिवाय प्रभुभोजन कळत नाही असं मी मानतो, म्हणूनच हे उत्तर लिहितो आहे.

“आजचाच सेदर.” येशूच्या काळी वल्हांडण मंदिराशी बांधलेलं होतं. कोकरू मंदिरात कापायचं आणि त्याच रात्री यरुशलेमेत खायचं. इ.स. 70 मध्ये रोमी सैन्याने मंदिर जाळलं आणि कोकऱ्याचा यज्ञ थांबला. त्यानंतर रब्बींनी (यहुदी धर्मगुरूंनी) घरच्या पंगतीतल्या विधीची घडी बसवली. मुलाचे प्रश्न, सुटकेचं कथन, द्राक्षारसाचे चार प्याले हा क्रम सुमारे 200 सालच्या मिश्नात (रब्बींच्या नियमसंग्रहात) दिसतो. शिवाय ते भोजन वल्हांडणाचंच होतं का, यावर शुभवर्तमानं एकमुखी नाहीत. मार्क तसं सांगतो. योहानात मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी याजकांचं वल्हांडण अजून खायचं राहिलेलं आहे (18:28), म्हणजे ते भोजन वल्हांडणाच्या आधीचं ठरतं.

“तीन मात्सा म्हणजे त्रैक्य, भोकं म्हणजे खिळ्यांच्या खुणा.” भोकं पाडतात ती पीठ फुगू नये म्हणून. सणाच्या जेवणाला दोन अखंड भाकरी लागतात आणि तिसरी मोडण्यासाठी असते. अठराव्या शतकातले थोर रब्बी, व्हिल्नाचे गाओन, तर दोनच मात्सा ठेवत.

“यहुद्यांना अर्थच कळत नाही.” हे वाक्य मला सगळ्यांत जास्त खुपतं. आपल्या कोकणातल्या बेने इस्राएलांकडे, म्हणजे तिथल्या मराठी बोलणाऱ्या यहुद्यांकडे, बघा. हिब्रू विसरली, ग्रंथ हाताशी नव्हते, तरी त्यांनी नव्याचा सण पाळला, दारफाळणीचा (योम किप्पूरचा) उपास धरला. एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी त्यांना हिब्रू शिकवली, मराठी जुना करार हाती दिला. त्यातून ते ख्रिस्ताकडे वळतील अशी मिशनऱ्यांना आशा होती. त्यांनी विद्या घेतली आणि, मोजके अपवाद सोडता, ते यहुदीच राहिले. 1874 मध्ये पुण्यात हिब्रू-मराठी सचित्र हग्गादा (सेदरला वाचायची पोथी) छापली गेली. मिसरातल्या दास्यातून देवाने आपल्याला सोडवलं, हे त्यांनी मुलाबाळांना आपल्याच मराठीत वाचून दाखवलं. अर्थ कळत नसलेली माणसं एवढा खटाटोप करत नाहीत.

“कॉन्स्टंटाइनने हिरावले, म्हणून पाळलेच पाहिजेत.” 325 च्या नायसिया परिषदेने सगळ्या मंडळ्यांसाठी पुनरुत्थानाचा एकच दिवस ठरवला, यहुदी गणनेवर न विसंबता. त्या निर्णयानंतरच्या कॉन्स्टंटाइनच्या पत्रात यहुद्यांविषयी विखार आहे. त्याची लाज वाटलीच पाहिजे. पण सणांची सक्ती त्याच्या कितीतरी आधीच नव्हती. प्रेषितांची कृत्ये 15 मध्ये अन्यजातीय (यहुदी नसलेल्या) विश्वासणाऱ्यांना चारच गोष्टी वर्ज्य करायला सांगितल्या, सण पाळायला सांगितले नाहीत. पेंटेकॉस्ट या यहुदी सणासाठी यरुशलेमेला पोहोचायची घाई करणारा पौल रोमकरांना लिहितो की दिवसांबाबत प्रत्येकाने आपल्या मनाची खात्री करून घ्यावी. दुसऱ्या शतकात स्मुर्णाचा बिशप पॉलिकार्प निसान या यहुदी महिन्याच्या 14 तारखेला वल्हांडण पाळत असे, रोमचा बिशप अनिसेटस पाळत नसे. दोघांनी एकमेकांना पटवायचा प्रयत्न केला, जमलं नाही, तरी त्यांनी एकत्र प्रभुभोजन घेतलं.

“ख्रिस्त आपला वल्हांडणाचा कोकरा” हे पौलाचं वाक्य आपल्याजवळ आहेच. गुड फ्रायडेच्या आदल्या रात्री निर्गम 12 वाचा, त्यावर उपदेश करा. सेदर पाहायचाच असेल तर यहुदी शेजाऱ्याने बोलावल्यावर जा, आणि त्याच्या घरी तो सांगेल तो अर्थ ऐका.