लाल दिव्याला ‘किरकोळ’ म्हणणाऱ्यांना उत्तर

‘हौशी ड्रॅग रेसिंगला पंच हवेतच कशाला?’ असे विचारणारा मजकूर सध्या व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत आहे. ड्रॅग रेसिंग म्हणजे दोन गाड्यांची शेजारी-शेजारी, सरळ पट्ट्यावर लागणारी छोटी शर्यत. परवा तो पाथर्डी फाट्याला राहणाऱ्या माझ्या १७ वर्षांच्या भाच्याकडे पोचला आणि त्याने विचारले, ‘मामा, यात चूक काय आहे?’

पहिला दावा असा, की हिरव्या दिव्याआधी गाडी जराशी सुटली आणि लाल दिवा लागला तरी तिचा वेग खराच असतो, म्हणून तिला बाद करणे हा कोतेपणा आहे. लिहिणाऱ्याला वेळ कशी मोजतात हेच ठाऊक नाही. पाव मैलाची, म्हणजे सुमारे ४०२ मीटरची धाव हिरव्या दिव्यापासून नव्हे, तर पुढचे चाक सुरुवातीच्या रेषेवरचा प्रकाशकिरण सोडते तेव्हापासून मोजतात. त्यामुळे कमी वेळात अंतर कापूनही, सुटायला उशीर झालेला चालक हरू शकतो. दिवा पाहून सुटणे हेच तर यातले कसब आहे.

काही हौशी शर्यतींत धावेआधी जाहीर केलेल्या वेळेपेक्षा लवकर पोचणारा हरतो, हा नियम विचित्र वाटतो, हे मान्य. पण ती वेळ चालकाने स्वतःच सांगितलेली असते आणि तिच्या आधारे संथ गाडीला आधी सोडतात. वेळ फुगवून सांगणाऱ्याला मग अडवायचे कसे?

खरा संताप येतो तो पुढच्या वाक्याचा: ‘खिलाडू माणूस दुसऱ्याच्या गाडीतली तेलगळती दाखवत नाही, ते रडक्यांचे काम.’ सांडलेले तेल त्याच पट्ट्यावर राहते, त्यावरून पुढची जोडी पूर्ण वेगाने जाते, आणि मागचे चाक त्यावर घसरले तर गाडी सावरायला चालकाच्या हातात क्षणही उरत नाही. गळती दाखवणारा अनोळखी स्पर्धकाचा जीव वाचवतो आणि ज्याची गाडी अडवली तो निमूटपणे बाजूला होतो, याला खिलाडूवृत्ती म्हणतात. छोट्या स्पर्धांत पंच ओळखीच्यांना सूट देतात, ही तक्रार मात्र खोटी नाही. मीही ते पाहिले आहे. पण त्यावर लेखी हरकत घ्यावी, तपासणीच मोडीत काढू नये.

‘त्यापेक्षा रात्री रिकाम्या रस्त्यावर दोघांत निकाल लावा,’ हा शेवटचा सल्ला तर सरळ गुन्ह्याचा आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ नुसार, राज्य सरकारच्या लेखी संमतीशिवाय सार्वजनिक ठिकाणी वाहनांची शर्यत लावणाऱ्याला २०१९ च्या दुरुस्तीनंतर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. रस्ता रिकामा होता की भरलेला, हे कलम विचारत नाही. चालक अल्पवयीन असेल तर कलम १९९अ नुसार पालकाला किंवा वाहनमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड आहे, शिवाय गाडीची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द होते.

भाच्याच्या हाती असलेली मोटारसायकल माझ्या बहिणीच्या नावावर आहे.